नेहमीची पट्टी

गणेशोत्सवाच्या दिवसांत, आरती आटोपल्यावर, तालुक्याच्या गावातल्या मंडपापुढे एक निराळीच लगबग सुरू होते. पुढच्या सतरंज्यांवर मुलांनी जागा धरलेल्या असतात, मागच्या खुर्च्यांवर मंडळाचे देणगीदार स्थिरावलेले असतात, आणि टेबलांवर फळ्या टाकून उभारलेल्या व्यासपीठावर सहा-सात माणसे पाठमोरी वाकून तारा जोडीत असतात. छापील पत्रिकेवर ह्या कार्यक्रमाला 'वाद्यवृंद' म्हटलेले असते. बोलण्यात त्याचे नाव 'ऑर्केस्ट्रा'. ध्वनिक्षेपकवाल्याने माइकवर फुंकर मारून घेतली, ढोलकीवर दोन थापा पडल्या, की पेटीवर बसलेला माणूस गायकाकडे पाहतो आणि हलक्या आवाजात विचारतो, "कितीची पट्टी?"

कृष्णेच्या काठी, मिरजेहून फार दूर नसलेल्या एका गावात हा प्रश्न चौतीस वर्षे विचारला गेला, आणि चौतीस वर्षे त्याला एकच उत्तर मिळाले, "नेहमीचीच."

पेटीवरच्या पट्ट्यांना मराठी मुलखात रंगावरून आणि क्रमावरून नावे पडली आहेत. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, काळी दोन अशा क्रमाने वर चढत गेले, की प्रत्येक पावलाला अर्ध्या स्वराचे अंतर पडते. ज्या पट्टीवर गाणाऱ्याने आपला षड्ज धरला, ती त्याची पट्टी. 'पट्टीचा गायक' ह्या शब्दप्रयोगात आदर आहे. पण पट्टी ही गोष्ट मुळात मोजमापाची आहे. शिंप्याने छातीचे माप घ्यावे तसे पेटीवाला गळ्याचे माप घेतो. फरक इतकाच, की कपड्याचे माप वर्षावर्षाला वाढत जाते आणि गळ्याचे उतरत.

ह्या वाद्यवृंदात पोटासाठी वाजवणारे कोणी नव्हते. पेटीवर प्राथमिक शाळेतले एक शिक्षक होते. त्यांना सगळे मास्तर म्हणत. ढोलकी आणि तबला सांभाळणाऱ्या गृहस्थांचे बाजारपेठेत शिवणकामाचे दुकान होते. बासरी वाजवणारे पोस्टमन होते. विजेच्या मोटारी भरून देणारा एक तरुण गिटार घेऊन बसे. सहकारी संस्थेत कारकुनी करणारे अण्णा हे गायक. १९७९ सालच्या गणेशोत्सवात ही मंडळी पहिल्यांदा एकत्र बसली, तेव्हा अण्णांचे वय पंचवीस होते. पाच वर्षांनी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका म्हणून आलेल्या ताई त्यांच्यात सामील झाल्या. तोवर द्वंद्वगीतांतला स्त्रीचा भाग पोस्टमनच्या बासरीने पार पाडला जात असे, आणि श्रोते ते समजून घेत. तालुक्याच्या गावी, रात्रीच्या कार्यक्रमात, व्यासपीठावर उभे राहून चित्रपटातले गाणे म्हणणारी विवाहित स्त्री मिळणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. ताईंचे यजमान प्रत्येक कार्यक्रमाला येत, पहिल्या रांगेत बसत, आणि परत निघताना हातात बॅटरी घेऊन पुढे चालत.

गाणी मिळवणे हेच पहिले कष्टाचे काम होते. शब्दांसाठी चित्रपटगृहाबाहेर मिळणाऱ्या चोपड्या असत. त्यांत छपाईच्या चुका इतक्या, की अर्थ लावताना रात्री जात. सुरांसाठी आधार १९५७ साली सुरू झालेल्या विविध भारतीचा. गाणे लागले, की एकाने पहिली ओळ, दुसऱ्याने दुसरी ओळ टिपायची, मास्तरांनी मधले वाद्यांचे तुकडे लिहायचे, आणि उरलेल्यासाठी ते गाणे पुन्हा लागण्याची वाट पाहायची. ह्या तुकड्यांना वाजवणाऱ्यांच्या भाषेत 'पीस' म्हणतात. पुढे शिंप्यांच्या दुकानात टेपरेकॉर्डर आला. तेव्हा एक गाणे सगळ्यांनी मोठ्या मेहनतीने बसवले. रेडिओवर लागले तेव्हा ते अर्धा स्वर वर निघाले. दोन दिवस वाद झाला. शेवटी मोटारी भरणाऱ्या तरुणाने टेपरेकॉर्डर उघडला आणि सांगितले, की बॅटऱ्या उतरल्या आहेत; फीत हळू फिरते आहे, म्हणून सूर खाली आला आहे. सगळे हसले. पण मास्तरांनी त्या दिवशी एक गोष्ट ध्यानात घेतली असावी. दोन दिवस ऐकूनही गाणे खाली आल्याचे कोणाच्याच कानाला जाणवले नव्हते. मूळ गाणे शेजारी वाजेपर्यंत उतरलेला सूरही पुरता खराच वाटतो.

ज्या गाण्यांच्या मागे ही मंडळी लागली होती, ती मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत मोठ्या ताफ्याने वाजवलेली होती. प्यारेलाल शर्मा ह्यांना व्हायोलिन शिकवणाऱ्या अँथनी गोन्साल्विस ह्यांच्यासारख्या गोव्याच्या वादकांनी पाश्चात्त्य स्वरलिपीची शिस्त त्या कामात आणली होती. एकेका पीसमागे व्हायोलिनांच्या रांगा असत. १९५४ सालच्या 'नागिन' चित्रपटातली बीन तर बीन नव्हतीच. कल्याणजी ह्यांनी ती क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेवरच्या वाद्यावर वाजवली होती. म्हणजे मुळातच जे नकलेने उभे राहिले होते, त्याची पुन्हा नक्कल तालुक्याच्या गावी एका बासरीने आणि एका पेटीने करायची होती. मास्तरांचा डावा हात भात्यावर असे. उजव्या हाताच्या पाच बोटांत त्यांना व्हायोलिनांची सारी रांग बसवावी लागे. काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे ठरवणे, हेच त्यांचे संगीत-संयोजन. ऐकणाऱ्याच्या मनात गाणे आधीच पुरते वाजत असते. त्याला फक्त ठिकठिकाणी खूण द्यावी लागते, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते.

श्रोत्यांची मागणी मात्र एकाच शब्दाची असे, 'हुबेहूब'. ह्या शब्दाची ओढ महाराष्ट्राला नवी नाही. १८८२ च्या 'सौभद्रा'त अण्णासाहेब किर्लोस्करांनी लोकांच्या कानांवर असलेल्या चालींचा मुक्त हस्ताने उपयोग केला. बालगंधर्वांच्या काळापासून गावोगावच्या हौशी नटांनी त्यांच्या पदांतली एकेक हरकत घोटली, आणि बालगंधर्वांना कधी न पाहिलेल्या श्रोत्यांनी ती 'अगदी तशीच' आहे म्हणून वाखाणली. दुसऱ्याचे गाणे आपल्या माणसाच्या तोंडून ऐकण्याची हौस सार्वजनिक गणेशोत्सवातल्या मेळ्यांनीही पुरवली. वाद्यवृंद हा त्या मांडवातलाच धाकटा भाऊ. कायद्यानेही ह्या हौसेची दखल घेतली आहे. हौशी मंडळाने विनाशुल्क श्रोत्यांपुढे किंवा धार्मिक संस्थेच्या साहाय्यार्थ केलेला प्रयोग हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या बावन्नाव्या कलमाने हक्कभंग मानलेला नाही. अर्थात मंडपात बसलेल्या कोणालाही ते कलम ठाऊक नव्हते. त्यांना एवढेच माहीत होते, की कार्यक्रम संपल्यावर नारळ, टॉवेल आणि ध्वनिक्षेपकाच्या भाड्यातून काही उरलेच तर तेवढी बिदागी मिळते; आणि ती पुढच्या गणपतीपर्यंत पेटीच्या दुरुस्तीत जाते. पेटीचे सूर लावून घ्यायला मास्तर मिरजेला जात. तंबोरे-सतारींच्या त्या गावातला कारागीर चित्रपटगीतांचे नाव ऐकून किंचित हसे, आणि तरीही सूर मात्र चोख लावून देई.

अण्णा गाणे शिकलेले नव्हते. त्यांचा आवाज निसर्गाने दिलेला, कान रेडिओने घडवलेला. त्यांचे एक हुकमी गाणे होते. ध्वनिमुद्रिकेवर ते काळी दोनमध्ये होते आणि अण्णा ते त्याच पट्टीत गात. त्याच्या शेवटच्या अंतऱ्यात तार सप्तकात जाऊन थांबायची एक जागा होती. त्या जागी अण्णा डोळे मिटीत, उजवा हात वर जाई, आणि सतरंजीवरच्या मुलांनासुद्धा टाळी कुठे वाजवायची हे कळे. 'नेहमीचीच' म्हणजे काळी दोन. अण्णांना तिचे नावही ठाऊक असण्याची गरज पडली नव्हती. पेटीने षड्ज दिला, की त्यांचा गळा त्यावर जाऊन बसे.

१९९३ च्या गणपतीत त्या जागेवर आवाज फाटला. सर्दी झाली होती, असे सर्वांनी म्हटले. पुढच्या कार्यक्रमाला मास्तरांनी प्रश्न विचारला, उत्तर ऐकले, आणि काळी दोनऐवजी पांढरी दोनवर षड्ज दिला. अर्धा स्वर खाली. अण्णांनी तो घेतला, गाणे म्हटले, जागा साधली, हात वर गेला, टाळी पडली.

ही गोष्ट मास्तरांनी कोणाला सांगितली नव्हती; सांगण्याची आवश्यकताही नव्हती. वाजवणाऱ्याला पट्टी बोटांतून कळते. गिटारवाल्याने पहिल्या सुरावट्याबरोबर गळपट्टीवर लावलेला कॅपो काढून खिशात टाकला. शिंप्यांनी हातोडी उचलून तबल्याचे गट्ठे वरच्या अंगाला ठोकले आणि तबला उतरवून घेतला. अडचण झाली ती पोस्टमनची, कारण बासरीला पट्टी बदलता येत नाही. पट्टी बदलली की बासरीच दुसरी लागते. त्या रात्री त्यांनी ते गाणे बासरीविना जाऊ दिले. पुढच्या खेपेला त्यांच्या कापडी पिशवीत एक नवी, किंचित लांब बासरी होती. ती त्यांनी स्वतःच्या पैशाने घेतली होती आणि तिच्याविषयी कोणी काही विचारले नाही. व्यासपीठावर गायकाचे तोंड लोकांकडे असते आणि पाठ वाजवणाऱ्यांकडे. पाठीमागे काय बदलले हे अण्णांना दिसण्याचे कारण नव्हते.

२००१ साली पांढरी दोनची काळी एक झाली. कॅपो पुन्हा गिटारीवर चढला. २००८ साली काळी एकची पांढरी एक झाली. कॅपो पुन्हा खिशात गेला. पोस्टमनच्या पिशवीत आणखी दोन बासऱ्या आल्या, प्रत्येक आधीच्या बासरीहून थोडी लांब. दरम्यान पेटीच्या जोडीला कॅसिओ आला होता. त्याच्यावर एक कळ दाबली की बोटे तीच ठेवून सूर खाली आणता येई. तरी मास्तर ती कळ अशी दाबीत, की जणू घाम पुसताना हात चुकून तिथे गेला. आणि प्रत्येक कार्यक्रमाआधी ते तितक्याच गंभीरपणे विचारीत, "कितीची पट्टी?"

ह्या मूक व्यवस्थेची किंमत एका व्यक्तीने मोजली, आणि ती हिशेबात धरली गेली नाही. द्वंद्वगीताला पट्टी एकच असते. अण्णांचा षड्ज दीड स्वर खाली सरकला तेव्हा ताईंचाही सरकला. ज्या उंचीवर त्यांच्या आवाजाला तेज येई, तिथून त्या खाली आल्या. मंद्रातले शब्द माइकवर पुटपुटल्यासारखे ऐकू येऊ लागले. लोक म्हणू लागले, अण्णांचा आवाज होता तसा आहे, ताईंचा मात्र बसत चालला. हे त्यांच्या कानांवर येत असे. रुग्णालयात रात्रपाळीला भेटणारी माणसेही काळजीने औषध सुचवीत. त्यांनी कधी उलगडा केला नाही. त्यांच्या घरी स्वतःची लहान पेटी होती. पट्टी कोणती चालली आहे हे त्यांना पहिल्या सुराला समजत होते.

काळही आपल्या परीने पट्टी बदलीत होता. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, आणि वर्षातले मोजके दिवस राज्य शासनाच्या सवलतीने मध्यरात्रीपर्यंत मुभा, अशी पुढे चौकट पडली. एके काळी पहाटेपर्यंत चालणारे कार्यक्रम आवरते झाले. मग तयार ट्रॅक आले. गायकाचा आवाज वगळून बाकी सगळे वाद्यसंगीत एका तबकडीवर, पुढे बोटाएवढ्या पेनड्राइव्हवर मिळू लागले. त्यात व्हायोलिनांची सारी रांग होती. जे साधण्यासाठी मास्तरांनी जन्म घालवला, ते 'हुबेहूब' आता कळ दाबली की हजर होते. त्याला चहा लागत नव्हता आणि टेम्पोचे भाडेही लागत नव्हते. २०१३ च्या गणेशोत्सवात एका मंडळाच्या तरुणांनी अण्णांनाच तेवढे बोलावले. "बाकीच्यांची गरज नाही," असे ते म्हणाले नाहीत. "ट्रॅक आहे आमच्याकडे," असे म्हणाले. अण्णा संकोचले. मास्तरांनीच त्यांना आग्रह करून पाठवले.

त्या रात्री पेटीवाला नव्हता, म्हणून पट्टीचा प्रश्न कोणी विचारला नाही. हुकमी गाण्याचा ट्रॅक सुरू झाला, तो ध्वनिमुद्रिकेच्या पट्टीत, काळी दोनमध्ये. अशी यंत्रेही पट्टी उतरवून देऊ शकतात. पण त्यांना तसे सांगावे लागते, आणि सांगण्यासारखे काही आहे हे तिथे कोणालाच माहीत नव्हते. मुखड्यातच अण्णांना पायाखालची पायरी चुकल्यासारखे झाले. पहिला अंतरा त्यांनी ओढून नेला. शेवटच्या अंतऱ्यात ती जागा आली, हात सवयीने वर गेला, आणि गळ्यातून सूर आलाच नाही. ते थांबले. ट्रॅक थांबला नाही. मागे माणसे असती तर ठेका धरून तोच पीस पुन्हा फिरवत राहिली असती, गायक परत येईपर्यंत. व्हायोलिने आपल्या वेळेला आली, आपल्या वेळेला गेली, आणि व्यासपीठावर एकटा उभा असलेला माणूस माइक हातात धरून गाणे संपण्याची वाट पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मास्तरांच्या दारात उभे होते.

"मास्तर, माझी पट्टी कोणती?"

"नेहमीची."

"खरे सांगा."

मास्तर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पांढरी एक."

"आणि पहिली?"

"काळी दोन."

अण्णांनी बोटांवर मोजले. "कधीपासून?"

"वीस वर्षे झाली."

"तुम्ही दर वेळी मला विचारीत होता."

"तुम्ही दर वेळी नेहमीचीच म्हणत होता, अण्णा."

अण्णा पुढे काही बोलले नाहीत. चहा ठेवला होता, तो न घेता ते निघून गेले. त्या वर्षी उरलेल्या दोन कार्यक्रमांना ते आले नाहीत, आणि दिवाळीनंतर रस्त्यात पोस्टमन भेटले तेव्हा त्यांनी तोंड फिरवले.

त्यांचा राग समजून घेण्यासारखा आहे. आपल्या संगीतात साथीदाराला 'सांभाळून घेणारा' म्हणतात, आणि ती मोठी स्तुती समजली जाते. गायक मात्रेला चुकला तर तबलजी समेवर त्याला गाठतो. सूर निसटला तर पेटी तो भरून काढते. श्रोत्यांना कळत नाही, हीच साथीची खूण. पण गायकालाही कळू नये, हे त्यात बसते काय? ज्याला सांभाळले जाते, त्याच्याकडून त्याच्या स्वतःच्या वयाची बातमी काढून घेतली जाते. वीस वर्षे अण्णांना वाटत राहिले की आपला आवाज राहिला. तो राहिला नव्हता. भोवतीच्या माणसांनी जमीन थोडी थोडी खाली नेली होती. ह्यात माया होती ह्याविषयी शंका नाही. पण सांभाळून घेण्यात मायेबरोबर थोडा अपमानही असतो, आणि तो उशिरा कळला म्हणजे अधिक लागतो. उलट, मास्तरांनी १९९३ मध्येच सांगितले असते, तर अण्णा कदाचित त्याच वर्षी गाणे सोडून घरी बसले असते. ती वीस वर्षे गावालाही मिळाली नसती. ह्या दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरी खोडली जात नाही.

२०१४ च्या गणपतीत, पहिल्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, शिंप्यांच्या दुकानामागच्या खोलीत तालीम चालली होती. अण्णा आले. कोणी काही विचारले नाही. गिटारवाल्याने सरकून जागा केली. मास्तरांनी पेटीचा भाता उघडला आणि सवयीने विचारले, "कितीची पट्टी?"

"पांढरी एक," अण्णा म्हणाले. मोठ्याने, बाहेर दुकानातही ऐकू जाईल अशा आवाजात. मग ते ताईंकडे वळले. "ताई, द्वंद्वगीताला तुम्हांला ही पट्टी बरी पडते का?"

ताईंनी प्रथम मास्तरांकडे पाहिले. "नाही," त्या म्हणाल्या. "मला काळी दोनच बरी होती."

खोलीत कोणी हालले नाही. अण्णांनी मान डोलावली. "मग तिथेच घेऊ या. वर माझे जिथे पोचणार नाही, तिथे मी थांबेन."

मास्तरांनी कॅसिओवरची कळ उलट दाबली, ह्या वेळी सर्वांच्या देखत. गिटारवाल्याने खिशातला कॅपो काढून पहिल्या पडद्यावर चढवला. शिंप्यांनी हातोडी घेतली आणि गट्ठे खालच्या अंगाला ठोकीत तबला चढवायला सुरुवात केली. त्याला बराच वेळ लागला. पोस्टमनने पिशवीतल्या बासऱ्या चाचपून तळाची, सर्वांत आखूड बासरी काढली. वीस वर्षे ती वाजली नव्हती. त्यांनी तिच्यातली धूळ फुंकली, ओल्या फडक्याने तोंड पुसले, आणि षड्ज लावून पाहिला.

गाणे सुरू झाले. ताईंचा आवाज पहिल्याच ओळीत आपल्या जागी जाऊन बसला, आणि दुकानात काजे-बटणे करणारी मुलगी काम थांबवून दाराशी आली. अण्णा दोन ओळी म्हणत, एक सोडीत. शेवटच्या अंतऱ्यात ती वरची जागा आली तेव्हा त्यांनी हात वर नेला आणि ठरल्याप्रमाणे गप्प राहिले. ताई आल्या त्यापूर्वी, १९७९ पासूनची पाच वर्षे, जो स्वर दुसऱ्या कोणाचा म्हणून बासरीने भरून काढला होता, तसाच हाही पोस्टमननी घेतला. शिंप्यांनी ठेका धरून ठेवला. अण्णांनी हात खाली आणला, आणि पुढची ओळ घेतली.